पाठवणीची कॅसेट

टीव्हीच्या मागे अर्धं अंग घालून लोटनभाऊ वायर चाचपत होते आणि तसंच वाकून काहीतरी सांगत होते. रत्नाला त्यांची पाठ दिसत होती, घामाने चिकटलेला शर्ट दिसत होता; बोलणं काही दिसत नव्हतं. ती सोफ्याच्या कडेला बसून राहिली. कामिनी हात पुसत स्वयंपाकघरातून आली, आत्याच्या बरोबर समोर उभी राहिली आणि म्हणाली,

"पडदे ओढायला सांगतायत. काचेवर ऊन येतंय."

रत्नाने उठून पडदे ओढले. जळगावचं चैत्रातलं ऊन पडद्याच्या विणीतूनही झिरपत होतं, पण भिंतीपुढचा तो मोठा काळा चौकोन आता विहिरीच्या पाण्यासारखा खोल दिसायला लागला. दिवाळीत हा टीव्ही घेतला तेव्हा कामिनीने तो तिला व्हिडिओ कॉलवर दाखवला होता. प्रत्यक्ष ती आजच पाहत होती. भुसावळहून सकाळच्या एसटीने ती आणि लोटनभाऊ बरोबरच निघाले होते. लोटनभाऊंनी रुमालात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क वाटभर मांडीवर धरून ठेवली होती, खिडकीतून ऊन आलं की ते ती दुसऱ्या मांडीवर घ्यायचे.

त्यांचा भुसावळला व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ. कामिनीचं लग्न त्यांनीच शूट केलं होतं. नव्या टीव्हीवर कामिनीने हौसेने लग्नाची जुनी डीव्हीडी लावली आणि तिचा विरस झाला. माणसांच्या जागी नुसते डाग. नवरा म्हणाला, टीव्ही परत करू या का. मग तिने लोटनभाऊंचा नंबर शोधून काढला, तर ते फोनवर हसले. म्हणाले, दोष टीव्हीचा नाही आणि कॅमेऱ्याचा तर नाहीच नाही. मूळ कॅसेटी माझ्या कपाटात आहेत, एचडीच्या आहेत, मी येतो घेऊन.

आता ते कपाळ पुसत टीव्हीच्या मागून बाहेर आले आणि रत्नाकडे तोंड करून बोलले. रत्नाच्या भावाच्या, प्रेमराजच्या, ओळखीतल्या माणसांना ही सवय होती.

"अक्का, तेव्हा भुसावळात असला कॅमेरा दुसऱ्या कुणाकडं नव्हता. पण लोकांच्या घरी टीव्ही तेच जुने, डबडे. एचडी दाखवणार कशावर? मग डीव्हीडी करून द्यायचो. म्हणजे कसं, पातेलंभर दूध वाटीत ओतायचं. जेवढं मावलं तेवढं तुमचं, बाकीचं सांडलं."

"आणि पातेलं?" रत्नाने विचारलं. आवाज चढला असावा, कारण कामिनीने तळहात हळूच खाली दाबला. ही त्या दोघींची जुनी खूण.

"पातेलं हे," लोटनभाऊंनी हार्ड डिस्कवर बोट टेकवलं. "कॅसेटी ह्यात उतरवून आणल्यात."

त्यांनी रिमोट घेऊन टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरकाव केला. रंग भडक होते ते उतरवले. आणखी एक काहीतरी बंद केलं आणि कामिनीला समजावलं, की ह्या टीव्ही कंपन्या चित्र गुळगुळीत करून देतात, दुकानात छान वाटतं, पण माणूस मेणाचा होतो आणि त्याचे ओठ लोण्यासारखे सरकतात. हे बंदच ठेव. कामिनीने मान डोलावली. रत्नाला 'ओठ' हा शब्द दिसला आणि ती किंचित पुढे सरकून बसली.

*

रत्नाचे कान लग्नानंतर वर्षाच्या आत गेले. ताप मेंदूत चढला. ती वाचली, पण उठली तेव्हा सगळं जग काचेपलीकडे गेलेलं होतं. सासरच्यांनी तिला शिरपूरजवळच्या माहेरच्या गावी आणून सोडलं, बरी झाली की न्यायला येऊ म्हणाले, आणि पुन्हा त्या वाटेला फिरकले नाहीत. मोठा भाऊ प्रेमराज तेव्हा भुसावळजवळ दीपनगरला वीज केंद्रात लागलेला होता. तो आला, तिची ट्रंक उचलली आणि तिला आपल्या क्वार्टरवर घेऊन गेला.

प्रेमराजची ड्यूटी टर्बाइनच्या मजल्यावर असायची. तिथल्या घरघराटात शेजारच्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. तिथली माणसं आवाज काढायच्या फंदात पडत नाहीत. समोरासमोर उभी राहतात, ओठ पुरते उघडून सावकाश बोलतात आणि एकमेकांचं तोंड वाचतात. प्रेमराजने घरी येऊन बहिणीला सांगितलं, आमच्या मजल्यावर सगळेच बहिरे आहेत आणि वीज बनतेच आहे की. त्याने तिला तेच शिकवायला घेतलं. संध्याकाळी आरशासमोर दोघं उभे राहायचे. प, ब, म ओठांवर एकसारखे दिसतात, ते पुढच्या-मागच्या शब्दावरून ओळखायचे. क आणि ग तर ओठांपर्यंत येतच नाहीत, ते घशातून ताडायचे. त्याच आठवड्यात त्याने मिशी काढली. खानदेशात बाप जिवंत असताना माणूस मिशी काढत नाही. गावाकडं गेला तेव्हा वडील दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. त्याने कारण सांगितलं नाही आणि मिशी पुन्हा कधी ठेवली नाही.

तेव्हापासून घरातल्या टीव्हीचंही एकच काम झालं. रत्नाला बातम्या देणाऱ्यांचे ओठ वाचायचे असायचे. चित्राला मुंग्या आल्या की प्रेमराज क्वार्टरच्या छपरावर चढून अँटेना फिरवायचा आणि खाली त्याची बायको, यशोदावहिनी, दारात उभी राहून रत्नाच्या मानेकडे बघून त्याला सांगायची, दिसतंय, नाही दिसत, आता दिसतंय. पुढे त्यांच्या ओळीत पहिला रंगीत टीव्ही त्याच्याकडे आला. जळगावच्या दुकानात तो विकणाऱ्याला आवाज बंद करायला सांगायचा, बातम्या लावायला सांगायचा आणि स्वतः ओठ हलवून बघायचा. लोक म्हणायचे, प्रेमराजला टीव्हीचं वेड आहे. खरं तर तो स्वतः टीव्हीसमोर बसला की जेवणानंतर लगेच डुलक्या घ्यायचा.

कामिनी लहान असतानाच यशोदावहिनी गेली. मग त्या घरात रत्नाच आत्या, रत्नाच आई. कामिनीच्या शाळेच्या वेण्या, तिचा गोवर, तिच्या कांजिण्या, तिचं गणित, सगळं तिच्याच हातून गेलं. पोरीला बोलायला लागल्यापासूनच सवय लागली, की आत्याला काही सांगायचं तर धावत येऊन समोर उभं राहायचं. ह्या सगळ्याबद्दल प्रेमराज कधी काही बोलला नाही. तो तसा बोलणारा नव्हताच. रोज सकाळी ड्यूटीवर निघताना दारात वळून तिच्याकडे तोंड करायचा आणि गावच्या बोलीत म्हणायचा, येस मी, येतो. तेवढंच.

*

लोटनभाऊंनी बटण दाबलं आणि भिंत उघडल्यासारखी झाली.

दीपनगर कॉलनीचं मैदान. मांडवाचं कापड, त्यावरच्या शिवणीसुद्धा. बायका अक्षता घेऊन उभ्या, त्यातल्या एकीच्या मुठीतून तांदळाचा एक दाणा निसटून पडताना दिसला. रत्नाने आपोआप हात तोंडावर नेला. डीव्हीडीवर तिने हे लग्न कितीतरी वेळा पाहिलं होतं. ते लग्न म्हणजे लांबून पाहिलेला जत्रेतला उजेड होता. हे वेगळंच काहीतरी होतं. बेबाबाई, ओळीतली तिची शेजारीण, जिला जाऊन बराच काळ लोटला, पानाने रंगलेले दात दाखवत हसत होती. नवरदेवाच्या फेट्यातून सुटलेली जरीची एक तार वाऱ्यावर हलत होती.

आणि मग प्रेमराज आला. पांढरा सदरा, टोपी, गळ्यात उपरणं. गाल घोटून गुळगुळीत केलेले, हनुवटीवर वस्तऱ्याची बारीक चीर आणि तिच्यावर चिकटवलेला वर्तमानपत्राचा कपटा, जो काढायचा तो विसरला होता. खालचा एक दात किंचित आडवा होता, हे रत्ना विसरलीच होती.

"काय चित्र आहे," कामिनी म्हणाली. आत्याने पाहावं म्हणून नाही, आपल्याशीच म्हणाली.

लोटनभाऊ टीव्हीकडे बघत होते. इतकी वर्षं जपलेलं आपलंच काम ते आज पहिल्यांदा पुरतं पाहत होते. "ह्याच्यासाठी कॅमेरा आणला होता मी," ते म्हणाले. "बायको म्हणायची, कुणाला दिसणार आहे ते. मी म्हणायचो, आज नाही, पण दिसेल."

कामिनीने रिमोट मागून घेतला आणि पाठवणीपर्यंत चित्र पुढे नेलं. तिथं थांबवलं. सजवलेली गाडी, खिडकीत नवरीच्या वेषातली ती स्वतः, आणि खिडकीशी वाकलेले तिचे वडील. ती सोफ्यावरून उठली आणि खाली, रत्नाच्या पायाशी, तिच्याकडे तोंड करून बसली.

"आत्या, मी तुला जेवायला म्हणून बोलावलं खरं. पण काम हे आहे. इथं नाना मला काहीतरी बोलले. बँड इतका जोरात वाजत होता, की मला एक अक्षर कळलं नाही. मी आपली मान हलवली. नंतर बाळंतपणाला आले होते तेव्हा विचारलं, तर म्हणाले, काय बोललो असेन, आता ध्यानात नाही. आणि मग ते गेलेच."

रत्नाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि टीव्हीकडे हनुवटीने खूण केली.

लोटनभाऊंनी बँडचा आवाज बंद केला. रत्नाला त्याचा फरक पडणार नव्हता, पण तिघेही एकाच शांततेत आले.

पहिल्यांदा तिला अर्धंच दिसलं. प्रेमराज घाईत होता, रडू आवरत होता, त्यामुळे ओठ आकसलेले होते. शिवाय तो अहिराणीत बोलत होता. घरातलं, मनातलं बोलायचं झालं की तो गावच्याच भाषेत बोलायचा. "परत," रत्ना म्हणाली. दुसऱ्या वेळी तिला शेवटचा शब्द मिळाला. "सुंगजो," ती म्हणाली. "सुंगजो म्हणतोय. हुंग म्हणून." कामिनीने भुवया उंचावल्या. तिसऱ्या वेळी लोटनभाऊंनी चित्र संथ केलं, तर रत्नाने मान हलवली. संथ नको, माणूस संथ बोलत नाही. जसं आहे तसंच.

मग तिने डोळे किंचित बारीक केले आणि एका दमात, प्रेमराजच्याच चालीवर म्हणाली,

"पर्समा लिंबू ठेयेल शे. मळमळनं ते सुंगजो."

"लिंबू," कामिनी म्हणाली.

"तुला गाडी लागायची ना. चोपड्याच्या रस्त्याने जाणार होतात तुम्ही."

"होतं," कामिनी म्हणाली. तिचे ओठ नीट जुळेनात, म्हणून रत्नाला वाकून बघावं लागलं. "होतं पर्समध्ये लिंबू. मला वाटलं, नजर लागू नये म्हणून कुणी ठेवलंय. मी तापीच्या पुलावरून फेकून दिलं. आणि चोपडा येईपर्यंत चार वेळा गाडी थांबवली. सासूबाई काय म्हणाल्या असतील."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. लोटनभाऊ पडद्याकडे बघायला लागले. काही वेळाने कामिनी उठली, नाक ओढत म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली. तिला चहा टाकायचा नव्हता, तोंड धुवायचं होतं, हे दोघांनाही कळलं.

टीव्हीवर चित्र चालूच होतं. गाडी निघाली. पोरं मागे धावली. बँडवाल्यांनी वाद्यं खाली केली. कॅमेरा गाडीच्या मागे न जाता मांडवाच्या दारातच राहिला. तिथं रत्नाने स्वतःला पाहिलं. तरुण नव्हे, पण आजच्यापेक्षा पुष्कळ ताठ. डाळिंबी रंगाची साडी, पदर डोळ्यांना लावलेला, रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे कॅमेऱ्याला एक बाजू देऊन ती उभी होती. तिच्या मागे प्रेमराज येऊन थांबला.

तिने त्याला पाहिलं नव्हतं. तेव्हा तिला कळलंही नव्हतं तो मागे आहे म्हणून.

प्रेमराजने तिच्या पाठीकडे पाहिलं. हात तिच्या खांद्याकडे नेला आणि न लावताच मागे घेतला. मग त्याने मान उचलली, सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि बोलला. सावकाश. ओठ पुरते उघडून. जसा टर्बाइनच्या मजल्यावर बोलायचा, आरशासमोर बोलायचा.

"तू व्हती म्हनीसन बठ्ठं व्हयनं, रतन."

तू होतीस म्हणून सगळं झालं. रत्नाला परत बघावं लागलं नाही. एवढ्या मोठ्या चित्रात त्याचा गळा दिसत होता, सदऱ्याच्या वर, घामाने चकाकणारा. तो हललाच नव्हता. त्याने आवाज काढलाच नव्हता. आजूबाजूला पन्नास माणसं होती, त्यातल्या एकानेही ऐकलं नसणार. ऐकू येण्यासाठी ते बोललेलंच नव्हतं.

कामिनी चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा प्रेमराज चौकटीतून निघून गेला होता आणि रिकाम्या दारात कुत्रं बसलं होतं. तिला काहीतरी जाणवलं असावं. ती ट्रे हातातच धरून आत्यासमोर आली.

"काय झालं? अजून काही बोलले का नाना?"

रत्नाने कपबशी उचलली.

"काही नाही गं," ती म्हणाली. "मांडववाल्याला हाक मारत होता. खांब काढायला."

कामिनीने मान हलवली. लोटनभाऊंनी चहाचा घोट घेतला आणि रत्नाकडे वळून, अगदी सहज, हसत म्हणाले,

"ह्या जागेवर माझी फजिती झालेली आहे अक्का. तेव्हा इफेक्टची हौस भारी. डीव्हीडी करताना इथं मी गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या होत्या, सगळ्या पडद्यावर. आठवतंय ना?"

रत्नाला आठवत होतं. लाल लाल पाकळ्या, आणि त्यांच्यामागे दोन आकृत्या.

"डीव्हीडी दिली आणि आठवड्याभरात प्रेमराजभाऊ स्टुडिओत हजर. म्हणाले, त्या पाकळ्या काढ. मी काढून दाखवल्या. मग म्हणाले, पुसट आहे, तोंडं कळत नाहीत. मी सांगितलं, भाऊ, कॅसेटमध्ये स्वच्छ आहे, पण ते दाखवणारा टीव्ही तुमच्याकडं नाही, माझ्याकडंही नाही. येईल म्हणालो पुढंमागं. तर म्हणाले, मग ही कॅसेट पुसू नको." ते बशीत बघत राहिले आणि पुन्हा तोंड वर करून बोलले. "आम्ही तेव्हा त्याच कॅसेटीवर दुसरं लग्न घ्यायचो. ही नाही घेतली. पण एवढं काय होतं त्यात, मला काही कळलं नाही. रिकामा मांडव तर आहे."

क्वार्टरमध्ये डीव्हीडी आली ती संध्याकाळ रत्नाला दिसत होती. शेजारपाजारचे जमले होते, सगळे टीव्हीकडे बघत होते, आणि प्रेमराज एकटा भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होता. शेवटी त्याने विचारलं होतं, कसं वाटलं. छान झालंय, ती म्हणाली होती, पाकळ्या तर फारच छान. त्याने मान हलवली होती आणि उठून टीव्ही बंद केला होता. त्यानंतर वर्षभराने तो गेला. मधल्या काळात दर सुट्टीला तो जळगावच्या दुकानांतून नवे टीव्ही बघत हिंडायचा, आणि तिला वाटायचं, आता घरात पोर नाही, माणसाला काहीतरी नाद हवाच.

चहावर साय धरली. तिने ती बोटाने बाजूला सारली.

"लोटनभाऊ," ती म्हणाली. आवाज किती आहे तिला कळेना, पण कामिनीने तळहात खाली दाबला नाही. "जरा मागे घ्या. मांडवाच्या दाराला तोरण होतं ना. आंब्याचं होतं का अशोकाचं, ते बघायचंय."

लोटनभाऊंनी मागे घेतलं. गाडी पुन्हा निघाली, पोरं पुन्हा धावली. मांडवाचं दार आलं. वर तोरण होतं, आणि पानन्‌पान मोजून घ्यावं इतकं स्वच्छ दिसत होतं.

कामिनीने तोरणाकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं. रत्नाची नजर तोरणापेक्षा बरीच खाली होती, आणि तिचे ओठ कुणाच्या तरी ओठांबरोबर हलत होते, आवाज न काढता.

चित्र रिकाम्या दारापाशी आलं. लोटनभाऊ म्हणाले, "अशोकाचं दिसतंय, अक्का."

पण रत्ना त्यांच्याकडे बघत नव्हती, तेव्हा तिला ते कळलं नाही. कामिनीने ट्रे खाली ठेवला, लोटनभाऊंच्या हातातून रिमोट घेतला, आत्याच्या शेजारी येऊन बसली आणि काही न विचारता चित्र पुन्हा मागे नेलं.